पेंगबाची चढण

२४ ऑक्टोबर २०२२, लक्ष्मीपूजन

धाकट्या भावाची बदली इम्फाळला झाली तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, "तिथे मासे मिळतात का रे?" आम्ही चिपळूणजवळची, वाशिष्ठीच्या काठची माणसं. दोन महिन्यांनी त्याचा मला फोन आला. "ताई, इथेही भाऊबीज असते. त्या दिवशी माशाशिवाय पान मांडत नाहीत. आणि त्यातला सगळ्यात मानाचा मासा, पेंगबा, त्यांच्या तळ्यातून नाहीसा झालाय. दिवाळीत तूच ये." मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. एवढं कानावर पडल्यावर घरी फराळ करत बसणं मला शक्य नव्हतं.

दुपारी इम्फाळला उतरले. बाहेरच्यांना लागणारं इनर लाइन परमिट विमानतळावरच मिळालं. चारी बाजूंनी डोंगर, मध्ये ताटासारखं सपाट खोरं आणि त्यात पिवळी पडत चाललेली भातशेती. भाऊ ज्या घरात वरच्या मजल्यावर राहतो त्या घरमालकीणबाईंना तो 'इमा' म्हणतो. इमा म्हणजे आई. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीने मला दारातच 'इचे' करून टाकलं. इचे म्हणजे थोरली बहीण. त्यामुळे ताईपण इथेही सुटलं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत इमा कैथेलला जाऊन आलो. हजारो बायका आणि सगळ्या विक्रेत्या बायकाच, असा हा बाजार. सुक्या माशांच्या ओळीत मी बराच वेळ रेंगाळले. मडक्यात मुरवलेली ङारी नाकाला पहिल्यांदा झोंबते, पण ज्याच्या घरी सुकट-बोंबील भाजलेत त्याला तिची ओळख पटायला वेळ लागत नाही. एका मावशींना विचारलं, पेंगबा आहे का? त्या हसल्या आणि हाताने 'उद्या' अशी खूण केली.

पावणेपाचलाच अंधारायला लागलं होतं. भावाच्या खोलीत दोन पणत्या लावून लक्ष्मीपूजन केलं.

२५ ऑक्टोबर

सकाळी आईचा फोन. आज सूर्यग्रहण, वेधात काही शिजवू नका. त्या वर्षी पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी, २६ तारखेला आले होते. तिला सांगितलं की इथे ग्रहण दिसणारच नाही, ते लागायच्या आत इथला सूर्य मावळतो. तिला ते पटलं नाही. आम्ही मात्र छत्र्या घेऊन माशांच्या जत्रेला निघालो. बांगलादेशच्या किनाऱ्यावर आदल्या रात्री सित्रांग वादळ धडकलं होतं, त्यामुळे आभाळ भरलेलं होतं.

हाप्ता कांगजैबुंग हे मोठं मैदान. निंगोल चाकौबाच्या आदल्या दिवशी इथे मत्स्य विभाग माशांची जत्रा भरवतो. खोऱ्यातले शेततळीवाले जिवंत मासे घेऊन येतात. ताडपत्रीचे हौद, त्यात बुडबुडे सोडणारे पंप, गुडघ्यापर्यंत विजार दुमडलेले विक्रेते आणि रांगेत बहुतेक पुरुष. उद्या बहिणी जेवायला येणार, तेव्हा मासा आणायचा मान भावांचा. रोहू, कटला, मृगळ हे आपल्याही ओळखीचे. गवत खाणाऱ्या ग्रास कार्पला इथे 'नापीचाबी' म्हणतात, म्हणजे सरळसरळ गवतखाऊच.

पेंगबाच्या हौदापाशी गर्दी वेगळी कळत होती. रोहूच्या जवळपास दुप्पट भाव, तरी कुणी घासाघीस करत नव्हतं. एका विक्रेत्याने माझी धडपड बघून एक मासा ओल्या फडक्यात धरून माझ्या हातात दिला.

वीतभरापेक्षा थोडा मोठा. चपटा, पण उंचीला भरदार, एखाद्या पानासारखा. डोकं मात्र अंगाच्या मानाने लहान. कार्पच्या घराण्यातले बरेच मासे मिशा बाळगतात, याला एकही नाही. खवले इतके लख्ख की ढगाळ उजेडातही डोळ्यांवर येत होते. पोटाखालून शेपटीकडे गेलेला पर लांबलचक, झालरीसारखा. पाठीवरच्या पराच्या पुढच्या काट्यावरून बोट फिरवायला गेले तर विक्रेत्याने घाईने माझा हात बाजूला केला. त्या काट्याच्या मागच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते असतात. पुस्तकात हे वाक्य मी वाचलेलं होतं. बोटाला लागल्यावरच ते खरं लक्षात राहिलं.

याचं शास्त्रीय नाव ऑस्टिओब्रामा बेलांजेरी. मणिपूरचा राज्यमासा. याच कुळातला ऑस्टिओब्रामा विगोर्सी आपल्याकडे भीमा-कृष्णेच्या पाण्यात राहतो. कर्नल साइक्सने दख्खनच्या माशांवर लिहिताना १८३९ मध्ये त्याचं वर्णन केलं. म्हणजे हातातला हा अनोळखी पाहुणा नात्याने आपला चुलतभाऊच निघाला.

आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत पेंगबा धोक्याच्या उंबरठ्यावर दाखवला आहे. ती नोंद त्याच्या सगळ्या मुलखाची. म्यानमारच्या चिंदविन आणि इरावतीच्या खोऱ्यात तो अजून आहे. पण मणिपुरातलं चित्र वेगळं, आणि नव्वदच्या दशकाअखेरीस आपल्या मत्स्यतज्ज्ञांनी भारतापुरता तो निसर्गातून नामशेष धरला होता. जत्रेतला प्रत्येक पेंगबा शेततळ्यात वाढलेला. मी दोन-तीन जणांना मुद्दाम विचारलं, लोकताक सरोवरातला आहे का हो एखादा? एक म्हातारेबाबा तेवढे बोलले. "लोकताकचा पेंगबा माझ्या वडिलांनी आणलेला खाल्ला होता."

इमाच्या यजमानांनी दोन किलो घेतले.

२६ ऑक्टोबर, भाऊबीज आणि चाकौबा

'चाक' म्हणजे भात, 'कौबा' म्हणजे बोलावणं. निंगोल म्हणजे घरची लेक. लेकीला जेवायला बोलावण्याचा हा सण, खोऱ्यातल्या मैतेई लोकांच्या पंचांगातल्या हियांगै महिन्याच्या द्वितीयेला. आपल्या कार्तिक शुद्ध द्वितीयेचाच तो दिवस. आमंत्रण काही दिवस आधी पान-सुपारी देऊन होतं. पूर्वी हा सण उलटा होता म्हणे. बहीण भावाला जेवायला बोलवायची, अगदी आपल्यासारखं. एकोणिसाव्या शतकात महाराज चंद्रकीर्तींना एकाच दिवशी इतक्या बहिणींकडे जाणं जमेना, तेव्हापासून बहिणींनीच माहेरी यायचं ठरलं, असं सगळे सांगतात.

सकाळी मी खोलीत भावाला ओवाळलं. तोवर खाली एकेक लेक येऊ लागली होती. कमरेला गुंडाळलेलं गुलाबी फनेक, अंगावर इनाफीची पातळ ओढणी, हातात फळांच्या पिशव्या. सगळ्यात शेवटी इमाच्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे मुलांच्या आत्याबाई, आल्या, सत्तरी ओलांडलेल्या, लोकताकमधल्या थांगा गावात दिलेल्या. त्या उंबऱ्यात येताच घरातले सगळे पुरुष उभे राहिले. माहेरी आलेली म्हातारी लेक कशी दिसते ते मी आईच्या आत्याच्या रूपात लहानपणी पाहिलं आहे. चाल तीच, दारातून आत येताना भिंतीला हात लावणंही तेच.

त्याआधी स्वयंपाकघरात मी पेंगबा साफ करताना बघत बसले. इमाचा मोठा मुलगा पाटावर उकिडवा बसून खवले काढत होता. दातेरी काटा त्याने सगळ्यात आधी छाटून टाकला. पोट उघडलं तर आतली चरबी पिवळसर, आतडं लांब, घड्या घातलेलं. हे पाणवनस्पती खाणाऱ्याचं आतडं. गाभोळी नव्हती. ती पावसाळ्यात धरते. मोहरीच्या तेलात तुकडे तळून ते वाटाणे, बटाटा आणि मारोईच्या पातीबरोबर शिजवले. मारोई म्हणजे लसणीच्या जवळची एक चपटी पात.

केळीच्या पानांवर पंगत बसली. पेंगबाचं मांस मऊ, तेलकट, चवीला गोडसर. काटे बारीक आणि भरपूर, त्यामुळे घाई करता येत नाही. मधला तुकडा आत्याबाईंच्या पानात पडला. त्यांनी चव घेतली आणि काहीतरी बोलल्या, सगळे शांत झाले. भावाने मला सांगितलं, "त्या म्हणाल्या, चव तीच आहे. चिखलाचा वास तेवढा जास्त येतो."

जेवणानंतर ओसरीवर त्या आपणहून माझ्याशी बोलत बसल्या. इमाची लेक हिंदीत सांगत होती. त्यांच्या लग्नाआधीची, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांची गोष्ट. आषाढाच्या सुमारास नदीला पूर आला की पाणी खोर्दाक नावाच्या ओढ्याच्या वाटेने उलटं पाटात शिरायचं. मैतेईत 'पाट' म्हणजे सरोवर, आपल्यासारखा कालवा नव्हे. त्या पाण्याबरोबर खालून, ब्रह्मदेशाकडून, पेंगबा वर यायचा. पोट गाभोळीने तट्ट. पाटात, पाटाला मिळणाऱ्या ओढ्यांत, बुडालेल्या गवतात अंडी घालायचा. रात्री होडीत बसलं की त्यांच्या उड्यांचा आवाज यायचा.

मी एकदम म्हणाले, "चढणीचे मासे!" भाऊ हसला. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की वाशिष्ठीतून वहाळात, वहाळातून शेताच्या बांधापर्यंत मासे चढतात. आम्ही भावंडं टॉर्च घेऊन रात्रभर भिजायचो. आजी मात्र दरवर्षी बजावायची, पोटुशी मासळी सोडून द्या, ती बाळंतपणाला आलीय. तेव्हा आम्हाला ते आजीचं काहीतरी वाटे.

हे आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. "उद्या आमच्याकडे या," म्हणाल्या.

२७ ऑक्टोबर

टिड्डिम रस्त्याने दक्षिणेला, इम्फाळपासून साधारण ४५ किलोमीटरवर मोइरांग. आझाद हिंद सेनेच्या संग्रहालयात अर्धा तास थांबलो. १४ एप्रिल १९४४ ला कर्नल शौकत मलिक यांनी इथे तिरंगा फडकवला होता.

सेंद्रा टेकडीवरून पहिल्यांदा लोकताक दिसलं. सरोवर म्हणताना आपल्या मनात मोकळं पाणी येतं. इथे पाण्यावर हिरवी बेटं तरंगत होती, गोल, लांबट, तुटकी. ह्या फुमदी. गवत, मुळं, कुजलेला पाला आणि माती यांची जाड गादी, जिचा बहुतेक भाग पाण्याखाली असतो. लोकताकचा पसारा २८७ चौरस किलोमीटर सांगतात. १९९० मध्ये ते महत्त्वाच्या पाणथळींच्या जागतिक रामसर यादीत आलं आणि तीनच वर्षांत, १९९३ मध्ये, धोक्यात आलेल्या पाणथळींच्या मोंत्रो नोंदीतही गेलं.

थांगात आत्याबाईंचा नातू होडी घेऊन तयार होता. अरुंद होडी, मी मध्ये मांडी घालून बसले आणि तासभर हलले नाही. तो बांबूने ढकलत फुमदींच्या फटींतून नेत होता. काही फुमदींवर अजून कोळ्यांच्या झोपड्या आहेत. पूर्वी फुमदीचे तुकडे गोल जोडून पाण्यात कुंपण करायचे आणि आत मासे धरायचे, त्याला 'अथाफुम' म्हणत. २००६ च्या लोकताक संरक्षण कायद्यानंतर ही कुंपणं काढली गेली. २०११ च्या नोव्हेंबरात झोपड्याही जाळून हटवण्यात आल्या. नातू तेव्हा शाळेत होता. त्याने एका जागेकडे बोट दाखवलं, तिथे आता फक्त पाणी होतं. "आमचा मामा तिथे राहायचा," एवढंच बोलला. सरोवर वाचवायला हवं हे मला पटतं. पण त्याची दुखणी सुरू झाली कुठून आणि औषध पाजलं कुणाला, हा प्रश्न मला त्या होडीत बसून सोडवता आला नाही, अजूनही सुटलेला नाही.

त्याने सकाळचं जाळं दाखवलं. तळाशी मूठभर मासे, बोटाएवढे, चकचकीत. पेंगबा? त्याने मान हलवली. तो तेवीस वर्षांचा आहे आणि जाळ्यात आलेला रानचा पेंगबा त्याने कधी पाहिलेला नाही. खबाक नावाचा आणखी एक चढणीचा मासा होता, तोही त्याने फक्त ऐकलेला.

आत्याबाईंनी चहाबरोबर काळ्या तांदळाची खीर दिली. निघताना आईसाठी सुक्या माशांची पुडी बांधून दिली.

२८ ऑक्टोबर

सकाळी कैबुल लामजाओ. सुमारे ४० चौरस किलोमीटरचं, फुमदीवर तरंगणारं राष्ट्रीय उद्यान. पाय ठेवला की जमीन श्वास घेतल्यासारखी खालीवर होते. दुर्बिणीतून लांबवर तीन संगाई दिसली. १९७५ मध्ये ही हरणं फक्त १४ उरली होती, २०१६ च्या मोजणीत २६० भरली. ती सावरली याचा आनंद झालाच, पण वनरक्षकांनी सांगितलेली गोष्ट काळजीची आहे. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरलं की फुमदी तळाला टेकायची, मुळं चिखलातून अन्न घ्यायची आणि पावसात जाड होऊन पुन्हा वर यायची. आता पाणी बारा महिने वर धरलेलं असतं. फुमदी टेकतच नाही, उपाशी राहते, पातळ होते आणि हरणाचा खूर तिच्यातून खाली जातो.

पाणी वर धरणारी जागा बघायला दुपारी इथाईला गेलो.

इथाई बॅरेज म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या धरणांसारखी भिंत नव्हे. नदीवर दारांची रांग, तिच्यावरून रस्ता, दोन्हीकडे पहारा. फोटो काढायचा नव्हता, मी काढला नाही. ही मणिपूर नदी. इथून ती दक्षिणेला म्यानमारमध्ये जाते आणि तिचं पाणी पुढे चिंदविनमधून इरावतीला मिळतं. पेंगबा याच वाटेने चढत यायचा. १९८३ मध्ये ही दारं आणि १०५ मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. लोकताकचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला लैमाताक नदीकडे नेलं, म्हणजे इरावतीकडे जाणारं पाणी बराकच्या खोऱ्यात उतरलं. वीज झाली. पाटाकाठची बरीच भातशेती बुडाली. आणि नदी वरच्या बाजूला तळं झाली, खालच्या बाजूला नदी राहिली.

मी कठड्याला धरून उभी होते आणि मला सारखं पोफळीचं वीजघर आठवत होतं. कोयनेचं पाणीही असंच डोंगराच्या पोटातून पश्चिमेला आणून वाशिष्ठीत सोडलंय. आमच्या गावाला बारमाही नदी मिळाली ती त्यामुळे. त्या विजेवर आमच्या घरात पहिला दिवा लागला, त्या दिव्याखाली मी शिकले. म्हणून धरण या शब्दाला मी शिव्या देऊ शकत नाही. पण मी आयुष्यभर अशा प्रकल्पाच्या मिळणाऱ्या टोकाला राहिले. दुसऱ्या टोकाला पहिल्यांदाच उभी होते.

दाराखालून पाणी जोरात सुटत होतं, तपकिरी, फेसाळ. माशांना वर यायला वेगळी वाट ठेवलेली मला कुठे दिसली नाही. काठावर दोन मुलं गळ टाकून बसली होती. भाऊ म्हणाला, "ताई, समज आषाढात तो अजूनही इथवर येत असेल तर?" मी बोलले नाही. पोटात गाभोळी घेऊन एवढी चढण चढायची आणि दार बंद. आजीचा शब्द आठवत होता, बाळंतपणाला आलीय.

आता हे लिहिताना आणखी एक मनात येतं. २०२३ च्या मे महिन्यात मणिपूर पेटलं. भावाची पुढे बदली झाली. इमाशी फोनवर बोलणं होतं, त्या सगळ्यांची खुशाली एकेक नाव घेऊन सांगतात, आत्याबाईंचीही.

२९ ऑक्टोबर

दुपारचं विमान. त्याआधी इमाच्या यजमानांनी त्यांच्या ओळखीच्या मत्स्यशेतीवर नेलं, शहरापासून अर्ध्या तासावर. मालक पन्नाशीचे, बोलायला उत्सुक. पेंगबा आज ताटात दिसतो तो अशा माणसांमुळे. बंद तळ्यात हा मासा आपणहून वीत नाही, त्याला वाहत्या पाण्याची चढण हवी. म्हणून पावसाळ्यात नर-मादीला संप्रेरकाचं इंजेक्शन द्यायचं आणि गोल हौदात पाणी फिरवत ठेवायचं. हौदात फिरणारी नदी तयार करायची, ते म्हणाले. रात्रीतून अंडी पडतात. मग जिऱ्याएवढी पिल्लं, म्हणजे मत्स्यजिरे, मग बोटाएवढी झाली की बोटुकली. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यशेती संस्थेनेही याचं बीज तयार केलंय, त्यामुळे तो मणिपूरबाहेरच्या तळ्यांतही वाढतो.

म्हणजे जात वाचली, हे नक्की आणि ते लहान काम नाही. पण मला एक भीती वाटते, ती मी त्यांना विचारली. थोड्याच आई-बापांपासून पिढ्यानपिढ्या बीज काढत राहिलं तर? त्यांनी लगेच मान डोलावली. त्यांनाही तीच काळजी. दर दोन-तीन वर्षांनी ते दुसऱ्या शेतीवरच्या माद्यांशी अदलाबदल करतात. लोकताकमध्येही अधूनमधून बोटुकली सोडतात. ती तिथे वाढत असतील, पण खाली जाऊन परत चढून येणं त्यांच्या नशिबात नाही.

निघताना त्यांनी जाळीने बोटुकली काढून एका पसरट घमेल्यात सोडली, मला नीट बघता यावीत म्हणून. तीस-चाळीस असतील, अंगठ्याएवढी, अंग इतकं पातळ की आतली काळी रेघ दिसत होती. ती घमेलंभर सैरावैरा धावत होती. मग त्यांनी कडेला रबरी नळी लावली आणि पाणी सोडलं.

दोन-तीन क्षणांत सगळी वळली. एकूण एक, तोंडं नळीच्या धारेकडे. शेपट्या हलत होत्या, जागा सुटत नव्हती. एखादं पाण्याच्या जोराने मागे ढकललं जायचं आणि पुन्हा रांगेत येऊन उभं राहायचं. यांच्या कितीतरी पिढ्यांनी नदी पाहिलेली नव्हती.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. मालकांनी नळी काढून घेतली, तशी ती रांग मोडली.